दोरीचं मोकळं टोक

“शशी, ही डबी उघड. पण खराब झाली आसा, असां तोंडातून काढू नको.”

लवूतात्या कोयंड्यांनी माझ्या दुकानाच्या काचेवर रुमाल ठेवला आणि तो हळूच उलगडला. आत मासे गरवण्याचं एक रीळ होतं. बसकं, चपटं, मुठीत मावेल एवढं. नेहमीची रिळं नारळाएवढी असतात आणि काठीखाली लोंबतात. हे काठीच्या पाठीवर बसायचं आणि गरी फेकताना त्याच्या फिरकीवर अंगठा ठेवावा लागायचा. अंगठा वेळेवर दाबला नाही, तर फिरकी दोरीच्या पुढे धावते आणि कावळ्याच्या घरट्यासारखा गुंता होतो.

मी देवगडच्या बाजारातला घड्याळजी. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली आणि माझं दुकानही. त्यानंतर हौशी गरवणाऱ्यांची रिळं माझ्याकडे यायला लागली. दातेरी चाकं, बेअरिंग, स्प्रिंगा. घड्याळाचीच भावकी, फक्त खारट. पण हे रीळ कुणा हौशी माणसाचं नव्हतं. ते दिगूचं होतं, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं.

दिगू हा तात्यांचा एकुलता एक मुलगा. गोव्यात पर्यटकांना मासे गरवायला नेणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. दोन वर्षांपूर्वी हे रीळ घेऊन घरी आला आणि बापाला म्हणाला, मी याच्यावर किनाऱ्याच्या खडपावरून वीस किलोची इसवण, म्हणजे सुरमई, काढून दाखवतो. तात्यांनी बाराव्या वर्षापासून उघड्या हाताने दोरी ओढलेली. ते बंदरावर सगळ्यांसमोर पोट धरून हसले. “ह्या चुन्याच्या डबयेत? वीस किलोची?” त्या दिवसापासून पोरं दिगूला ‘डबीवालो’ म्हणायला लागली. तो हसून घ्यायचा. पण पुन्हा त्याने ते रीळ कधी बंदरावर आणलं नाही.

त्या वर्षी गणपतीला घरी येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. तो गेला, रीळ असलेली पाठीवरची पिशवी मात्र जशीच्या तशी घरी आली.

“मी हसलंय तेका,” तात्या म्हणाले. “सगळ्यांदेखत हसलंय. आता तेच्याच डबयेर इसवण काढतलंय. बंदरार नेऊन तराजूत घालतलंय आणि सांगतलंय, माझो झील खरो होतो.”

“तात्यानू, होया तर मोठ्या रिळार काढा. इसवण साधीसुधी नाय.”

“मोठ्या रिळार कोणय काढता. तेचो काय उपयोग?”

मी डोळ्याला भिंग लावलं आणि रीळ उघडलं. दिगूने ते फार निगुतीने ठेवलं होतं. खाऱ्या पाण्याचा एक कण आत नव्हता. मासा ओढू लागला की ठरावीक ताणाला दोरी सुटत राहावी म्हणून आत चकत्या असतात आणि बाहेर चांदणीच्या आकाराचं चाक. ते त्याने पूर्ण सैल करून ठेवलं होतं. घट्ट ठेवलं तर आतल्या चकत्या दबून चिकटतात. माणूस गेला तरी त्याचं सैल केलेलं चाक तसंच होतं.

त्यानंतर पंधरा दिवस तात्या घरामागच्या माडांत रोज सकाळी फेकण्याचा सराव करत. वीस पावलांवर एक टोपली ठेवलेली. फेकली की गुंता, पुन्हा फेकली की गुंता. दुपारी तो गुंता घेऊन दुकानात हजर. मी चिमट्याने एकेक फास काढायचो.

“पन्नास वर्सां दोरी हातातून सोडली,” ते चिडून म्हणायचे, “आणि ह्या अंगठ्यान माझी आबरू काढली.”

“अंगठो हलको ठेवा. घड्याळाच्या काट्यार ठेवल्यासारखो.”

“तुझो घड्याळ खारात पडला काय रे कधी?”

शेवंतीकाकी, म्हणजे दिगूची आई, एकदा त्यांच्याबरोबर आल्या होत्या. मी गुंता काढत होतो तेव्हा त्या रिळाकडे बघत बसल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, “तेंका मासो गावांदे रे शशी. रातचे उठान बसतत.”

पंधरा दिवसांत जुनी दोरी कापून कापून अर्धी झाली, पण तात्या टोपलीत गरी टाकायला शिकले. मग त्यांनी नवी दोरी आणली. विणीची, बारीक आणि चिवट. फिरकीवर दोनशे मीटर बसली असती, त्याहून जास्त नाही. लहान रिळाची हीच अडचण. ताकद असते, पोट नसतं.

“भर,” तात्या म्हणाले. “आणि ऐक. टोक बांदू नको. नुसती गुंडाळ.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दोरीचं शेवटचं टोक फिरकीला बांधतातच. फिरकीच्या पोटाला त्यासाठी भोकं असतात.

“आमी होडयेर गरवताना टोक कधी बांदूक नाय,” ते म्हणाले. “माझ्या काकान एकदा होडयेक बांदला. मोठी मोरी मासळी लागली. होडी उलटी झाली, काका थंयच रवलो. टोक मोकळा व्हया. मासो गेलो तर दुसरो गावतलो. डबी गेली तर दुसरी खंय गावतली?”

“बरां,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मी दोरी भरायला बसलो. आणि मला माझ्या दीडशहाण्या अक्कलेने गाठलं. इसवण सुसाट पळते हे मला ठाऊक होतं. दोनशे मीटर संपले आणि टोक मोकळं असेल, तर मासा दोरीसकट जाणार. बांधलेलं असेल, तर निदान त्या शेवटच्या क्षणी तोंड वळवेल, थांबेल. म्हाताऱ्याची जुनी समजूत ती, होडीच्या काळातली, इथे काय तिचं? मला त्यांना तो मासा मिळवून द्यायचा होता. काकींचं बोलणं डोक्यात होतं. मी भोकातून दोरी ओवली, पक्की गाठ मारली, ती निसटू नये म्हणून वर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि दोनशे मीटर दोरी त्यावर गुंडाळून टाकली. कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काळवीच्या खडपावर होतो. तात्यांनी मला साक्षीला नेलं होतं. मासा वर घ्यायला आकडीही माझ्याकडेच आणि कमरेला आमिष कापायची सुरी. नोव्हेंबरातलं पाणी, स्वच्छ आणि हिरवं. खडपाला लागून खोल होतं. लहान मासळी पाण्यावर उडत होती, म्हणजे खाली मोठं काहीतरी होतं.

तात्यांनी दिगूच्या पेटीतला लाकडी नकली मासा लावला. इसवणीचे दात दोरी तोडतात म्हणून पुढे हातभर तार. अंगठा फिरकीवर ठेवून त्यांनी फेकलं. दोरी सरळ गेली, एक फास नाही. मी बघत राहिलो. साठी ओलांडलेला माणूस पंधरा दिवसांत मुलाची विद्या शिकला होता.

नवव्या की दहाव्या फेकीला काठी वाकली.

“लागली,” तात्या म्हणाले, अगदी हळू.

पाण्यावर तिने एकदा अंग दाखवलं. वल्ह्याएवढी लांब, रुपेरी. वीस काय, पंचवीस किलोचीही असेल. आणि मग ती पळाली. रिळातून असा आवाज निघाला की मी दोन पावलं मागे सरलो. पण दोरी एकसारखी सुटत होती. कुठे धक्का नाही, कुठे अटक नाही. तात्यांनी चांदणीच्या चाकाला हात लावला नाही, घाबरून आवळलं नाही. शंभरेक मीटरवर ती थांबली. तात्यांनी काठी उचलून, खाली घेऊन, दांडी फिरवत तिला मागे आणायला सुरुवात केली.

“दिगू, बघ रे,” ते म्हणाले. “बघ तुझी डबी.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मी गाठ विसरून गेलो होतो. अर्धी दोरी आत आली. दिसायला लागेल इतकी ती जवळ आली. आणि तिला खडप दिसलं असावं. ती पुन्हा फिरली.

या वेळी ती थांबली नाही. फिरकी बारीक होत गेली. तात्या पुटपुटत होते, “जा, जा, जा बाये,” जणू त्यांना तिच्या पळण्याचंही कौतुक होतं. टोक मोकळं आहे, या भरवशावर ते उभे होते. मग दोरीच्या शेवटच्या थरांतून मला चिकटपट्टी चमकताना दिसली.

कमरेला सुरी होती. हात पुढे करून दोरी कापायची, एवढंच होतं. मला चारेक क्षण मिळाले. मी ते मासा वळेल म्हणून वाट बघण्यात घालवले.

दोरी एकदम ताठ झाली. काठी सरळ समुद्राकडे आडवी आली आणि तात्या पुढे खेचले गेले. शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

“सोडा! तात्यानू, सोडा!”

“नाय! दिगूची आसा ती!”

“सोडा, मरशात!”

ते सोडत नव्हते. आम्ही दोघंही इंच इंच पुढे जात होतो. मी एका हाताने खडपाची कड धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांची बोटं काठीवरून एकेक करून उचकटली. अंगठा सगळ्यात शेवटी. काठी खडपावर आपटली आणि पाण्यात गेली. फेस आला, गेला. रीळ दिसेनासं झालं.

आम्ही तिथेच बसून राहिलो. बराच वेळ त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

“दोरी अडाकली. मोकळी होती तर सुटाक होयी होती. शशी, टोक मोकळा होता मा?”

मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावरचा माझ्याबद्दलचा विश्वास जाताना बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती. बाकी कारण काही नाही. मी भित्रा होतो.

“होय, तात्यानू. मोकळा होता.”

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मग मान हलवली. “म्हणजे डबीच अडाकली. आतच काय ता अडाकला. दिगूचा चुकला.”

एका शब्दात मी त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा नेला होता, हे मला तिथेच कळलं. तरी मी बोललो नाही.

बंदरावर लोकांनी विचारलं, तेव्हा तात्यांनी सांगितलं, “डबीच ती. वजन येताच अडाकली. माझ्या झिलान उगाच फुशारकी मारलेली.” कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवंतीकाकी एवढंच म्हणाल्या, “माझो दिगू हलकी वस्तू घेणारो नव्हतो. तेची डबी अडाकाची नाय.” तात्यांनी त्यांना गप्प केलं. पुढे कुणी दिगूचं कौतुक काढलं की ते विषय बदलत. एकदा आपल्यालाच समजावल्यासारखं मला म्हणाले, “बाप हसलो तेव्हा बापाचाच बरोबर होता रे.” पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी गरवणं सोडलं.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. चार-पाच वेळा त्यांच्या अंगणापर्यंत गेलो. एकदा घड्याळाचा सेल बदलायचं निमित्त काढून ओटीवर बसलोसुद्धा. काकींनी चहा दिला, तो प्यालो आणि घरी आलो. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं. सहा वर्षांनी काकी गेल्या. त्यांच्या दिवसकार्याला मी पंगतीत वाढायला होतो आणि मला तात्यांच्या पानाजवळ जायचं धैर्य होईना.

त्याच्या पुढच्या वर्षी, मार्चातल्या मोठ्या सुकतीला, पाणी खूप मागे हटलं असताना, कालवं काढणाऱ्या दोन बायका दुकानात आल्या. टोपलीतून त्यांनी काहीतरी काढून काचेवर ठेवलं. खडपाच्या कपारीत अडकलेलं होतं म्हणाल्या. शिंपल्यांनी, बारीक कालवांनी माखलेलं, हिरवट पडलेलं. काठीचा वीतभर तुकडा अजून त्याला होता.

“तुमी रिळां दुरुस्त करतास मा, म्हणान हाडला.”

त्या गेल्यावर मी दुकानाची फळी ओढून घेतली. सुरीने खरवडत गेलो. दांडी फिरत नव्हती, आतली चाकं गंजून एक झाली होती. पण ती दोरी कुजणारी नव्हती. फिरकीच्या पोटावर तिचा हातभर तुकडा उरला होता आणि त्याच्या मुळाशी माझी गाठ, सात वर्षांपूर्वी मारली तशीच.

दुकानामागे गटार आहे, पलीकडे खाडी. तिथे टाकून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी रीळ हातात घेऊन मागच्या दारापर्यंत गेलोही. तिथे उभं राहून मला दिगूचं ते सैल केलेलं चाक आठवलं.

तात्या ओटीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आता माणूस आवाजावरून ओळखायचे.

“कोण? शशी?”

“होय, तात्यानू. दिगूची डबी गावली.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी रीळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं. दांडी, चांदणीचं चाक. मग अंगठा आपोआप फिरकीवर गेला, जिथे तो पंधरा दिवस राहायला शिकला होता. अंगठा फिरला आणि गाठीवर थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा थांबला.

“बांदलेली होती,” ते म्हणाले.

“होय. मी बांदलंय. तुमी नको म्हणालास तरी बांदलंय. आणि खडपार खोटा सांगितलंय.”

मी वाट बघत होतो, शिव्यांची, हातातलं रीळ अंगावर फेकण्याची. काहीच झालं नाही.

“म्हणजे डबी अडाकूक नव्हती.”

“नाय, तात्यानू. शेवटच्या हातापर्यंत सुरळीत धावली. दोरी संपली, तेवढाच.”

“टोक मोकळा आसता तर डबी हातात रवली आसती. दुसऱ्या दिवशी परत गेलो आसतंय.” त्यांचा आवाज बारीक होत गेला. “आज ना उद्या काढली आसती मा रे?”

“काढली आसती.”

“सात वर्सां मी तेका खोटो म्हटलंय,” ते म्हणाले. “तेची आवस सांगा होती. तिका मी गप केलंय. ती तशीच गेली.”

ते रडायला लागले. म्हातारी माणसं रडतात तसं आवाज न करता नाही, तर लहान पोरासारखं, तोंड उघडून. मी पायरीवर बसून होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी रीळ माझ्यापुढे धरलं.

“सोड ती गाठ.”

चिमटा माझ्या खिशात असतोच. पण सात वर्षांचं मीठ बसलेलं. दुपार टळेपर्यंत मी त्या गाठीशी झगडत होतो आणि तात्या समोर बसून होते. शेवटी टोक मोकळं झालं. त्यांनी अंगठा फिरवून खात्री केली. दोरीचा तुकडा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

“हो तुकडो तुझो,” म्हणाले. “आता माका बंदरार घेऊन चल.”

मी त्यांचा हात धरून नेलं. जाळी विणत आठ-दहा माणसं बसली होती. तात्यांनी रीळ डोक्याच्या वर उचललं.

“ऐका रे. ही माझ्या झिलाची डबी. अडाकूक नव्हती. माझो दिगू खरो होतो.”

जाळ्यावरचे हात थांबले. जुने कोणी नव्हते तिथे. काही गेले, काही मुंबईला पोरांकडे. बसलेले सगळे नवे, बरेचसे बाहेरून बोटीवर आलेले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एकजण उठून जवळ आला आणि अगदी आदराने विचारलं,

“कोण दिगू, आजोबा?”

तात्यांनी हात खाली घेतला. उत्तरासाठी त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं.

मी सांगायला सुरुवात केली. दिगू कोण ते सांगितलं, डबी सांगितली, बाप हसला ते सांगितलं, आणि माझी गाठ सांगितली. मी बोलत होतो तोवर तात्या रिकाम्या फिरकीवर अंगठा धरून माझ्या शेजारी उभे होते.